युद्धातली भरती, शांततेतली कपात

युद्ध सुरू झाले की बेकारी हटते, असे एक विधान अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून आणि पारावरच्या गप्पांतूनही सारख्याच आत्मविश्वासाने केले जाते. विधान खोटे नाही. सरकार सैन्य वाढवते, कारखाने तीन पाळ्यांत चालतात, रेल्वेला हमाल लागतात, छावण्यांना गवंडी लागतात आणि काल ज्याला कोणी विचारीत नव्हते त्याला आज घरी येऊन बोलावणे होते. मग युद्ध संपते, पुनर्रचना सुरू होते आणि देश सावरतो, हा या विधानाचा उत्तरार्ध. मी नाशिकरोडच्या परिसरात अनेक वर्षे अर्थशास्त्र शिकवले. हा धडा शिकवताना मला दरवर्षी पुस्तकाबाहेरचे तीन प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावे लागत. बेकारी कोणाची हटते? किती दिवस हटते? आणि देश सावरला असे म्हणतात तेव्हा त्या देशात कोणाकोणाला धरलेले असते?

हे प्रश्न विचारणे भाग पडते, कारण आपल्याकडे श्रमाचा बाजार हा कधीच खुला बाजार नव्हता. मागणी वाढली की मजुरी वाढते, हा नियम जिथे माणूस एक काम सोडून दुसरे धरू शकतो तिथे लागू पडतो. ज्याचे काम जन्माने ठरले, ज्याला गावकीची सेवा सोडता येत नाही आणि ज्याच्या हातचे पाणीही चालत नाही, त्याच्या बाबतीत मागणी-पुरवठ्याचे गणित जातीच्या कुंपणापाशी अडते. जातिव्यवस्था नुसती कामे वाटून देत नाही, ती कामकरी माणसांनाच उतरंडीत एकमेकांपासून तोडते, हा बाबासाहेबांनी १९३६ साली मांडलेला सिद्धान्त येथे आठवावा. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होईल म्हणून सवर्ण कामगारच विरोध करीत. जास्त पगाराचे खाते असे बंद राही. आता अशा बाजारावर युद्ध येऊन आदळले म्हणजे काय होते, हे आपल्याच इतिहासात तपासून पाहता येते.

दार उघडते ते कोणाच्या गरजेने?

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. भीमा-कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची जी नावे आहेत त्यांतली ‘नाक’ प्रत्ययाची नावे आपल्या ओळखीची आहेत. या नोकरीने नुसता पगार दिला नाही. निवृत्तिवेतन दिले, आणि छावणीतल्या शाळेमुळे शिपायांच्या मुलामुलींना अक्षर दिले. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक होते. त्यांच्या घरी १८९१ साली महूच्या छावणीत बाबासाहेबांचा जन्म झाला. दुसऱ्या बाजूला खेड्यातल्या महाराला येसकरकी होती, वेठ होती, मेलेले ढोर होते आणि वर बलुत्याची मेहेरबानी होती. म्हणजे लष्करी नोकरी ही त्या काळी गावगाड्यातून बाहेर पडण्याची एक मोठी वाट होती.

ती वाट कोणा पेशव्याने बंद केली नाही. बंद केली शांततेने. साम्राज्य स्थिर झाले, लढाया वायव्य सरहद्दीकडे सरकल्या आणि लॉर्ड रॉबर्ट्स यांच्यासारख्या सेनापतींनी ‘लढाऊ जातीं’चा सिद्धान्त उचलून धरला. १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती थांबली. पाऊणशे वर्षे ज्यांचे रक्त चालले ते एकाएकी लढाऊ राहिले नाहीत! निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९० च्या दशकात भरतीसाठी अर्ज लिहिला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठविला. न्यायाचा मुद्दा अर्जात होता, सेवेचा दाखला होता. दार उघडले नाही.

उघडले ते १९१७ साली. पहिल्या महायुद्धाला माणसे कमी पडू लागली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली. वीस-पंचवीस वर्षे अर्ज-विनंत्यांनी जे झाले नाही ते साम्राज्याच्या गरजेने झाले. आणि १९२१ साली ती पलटण मोडली. युद्ध संपले होते, खर्चात काटकसर करायची होती.

हा क्रम कार्यकर्त्यांनी नीट पाहावा असा आहे. शांततेत बंदी, युद्धात भरती, पुन्हा शांततेत कपात. अर्थशास्त्रात ज्याला राखीव श्रमिकांची फौज म्हणतात ती हीच. फरक एवढाच, की इतर देशांत ही राखीव फौज गरिबीने ठरते. आपल्याकडे ती जन्माने ठरते. परतलेल्या शिपायाने मेसोपोटेमिया पाहिला की फ्रान्स पाहिला, याला गावात किंमत नव्हती. सैनिक म्हणून गेलेल्या माणसाला गावाने पुन्हा येसकराच्या जागी उभे केले. पंजाबात कालव्यांच्या नव्या वसाहतींत सैनिकांना जमिनी दिल्या गेल्या; आमच्या शिपायाच्या वाट्याला परत आल्यावर वतनाचा तुकडा आणि त्याबरोबरची चाकरीच होती. युद्धानंतर माणूस सावरतो तो मिळालेल्या पगारावर कमी आणि परत येऊन ज्या जमिनीवर पाय ठेवायचा तिच्यावर जास्त. ज्याला जमीनच नाही त्याचे सावरणे कशावर? तरीही हे लोक रिकाम्या हातांनी आले नाहीत. कवायत, अक्षरओळख आणि अपमान न गिळण्याची सवय त्यांनी बरोबर आणली, आणि १९२७ च्या महाडला निवृत्त लष्करी माणसे पुढे दिसली ती त्यामुळेच.

छावणीचे दुसरे मनुष्यबळ

सैन्य म्हणजे केवळ बंदूकधारी नव्हेत. नाशिककरांना हे देवळालीवरून सहज कळावे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून देवळालीला गोऱ्या फौजांचा तळ होता. विलायतेला परतण्याच्या बोटीची वाट पाहत शिपाई तेथे पडून राहत, आणि त्या रिकाम्या दिवसांत डोके फिरलेल्यांसाठी इंग्रजी भाषेने देवळालीवरूनच ‘डूलॅली’ हा शब्द बनविला. वाट पाहून वेडा झालेला गोरा शिपाई असा शब्दकोशात गेला. पण प्रत्येक छावणीत झाडलोट करणारे, संडास साफ करणारे, पखालीने पाणी भरणारे, घोड्यांची निगा राखणारे आणि साहेबांच्या बंगल्यांवर राबणारे जे शेकडो हात असत, त्यांची नोंद शब्दकोशात नाही आणि बऱ्याचदा पगारपत्रकातही नाही. फौज आली की यांना काम, फौज हलली की काम बंद. निवृत्तिवेतनाचा तर प्रश्नच नव्हता. युद्धकाळातल्या रोजगारवाढीत ही माणसे मोजली जातात, युद्धोत्तर पुनर्वसनाच्या योजनेत मात्र ती सापडत नाहीत.

नोटा नाशिकरोडला छापल्या, किंमत कोणी मोजली?

आता भाववाढीकडे वळू. युद्धाचा हा परिणाम भरतीइतका डोळ्यांना दिसत नाही, पण तो अधिक खोल जातो.

दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य सुमारे २५ लाखांवर गेले. कारखान्यांतील रोजची सरासरी कामगारसंख्या १९३९ मधील सुमारे १७.५ लाखांवरून १९४५ पर्यंत सुमारे २६.४ लाखांवर पोचली. या सगळ्याचे पैसे कोठून आले? १९३९ च्या करारानुसार ब्रिटनने आपल्या वाट्याचा युद्धखर्च भरून द्यायचा होता. तो त्याने लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने खात्यावर जमा केला, आणि त्या कागदी जमेच्या आधारावर येथे रुपये छापले गेले. चलनातील नोटा १९३९ साली सुमारे १८० कोटी रुपयांच्या होत्या. १९४५ पर्यंत त्या ११०० कोटींच्या वर गेल्या. देशातला नोटांचा छापखाना तेव्हा एकच होता, १९२८ पासून चालू झालेला आपला नाशिकरोडचा करन्सी नोट प्रेस. चांदीच्या टंचाईमुळे १९४० साली एक रुपयाचीही नोट पुन्हा काढावी लागली. एवढी भर चलनात पडली, पण माल तेवढा वाढला नाही. उलट धान्य, कापड, लोखंड युद्धाकडे वळले. घाऊक किमती दुपटीच्या पुढे गेल्या.

भाववाढ हा एक कर आहे, पण त्याचा कायदा कोणत्याही सभागृहात मंजूर होत नाही. तो ज्याची मजुरी मागे राहते त्याच्याकडून वसूल होतो. रुपयाची किंमत घसरली की उत्पादकाला व व्यापाऱ्याला जो फायदा दिसतो तो मजुराच्या खऱ्या मजुरीतून निघतो, कारण किमती आधी वाढतात आणि मजुरी मागाहून रखडत येते, ही गोष्ट बाबासाहेबांनी १९२३ साली आपल्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथात मांडली होती. दुसऱ्या महायुद्धाने त्या विवेचनाचा ताळा करून दाखविला.

या बाजारात सगळे कामगार सारखे बुडाले नाहीत. मुंबईच्या गिरणी कामगाराला संघटनेच्या जोरावर महागाई भत्ता मिळाला. शेतमजुराला कोणी भत्ता दिला नाही, कारण त्याची संघटना नव्हती आणि त्याच्या मालकाला युद्धाच्या पुरवठ्याची घाई नव्हती. याचे भयंकर टोक १९४३ साली बंगालने पाहिले. त्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसे मेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या अभ्यासात दाखविले, की धान्य अजिबात नव्हते म्हणून ही माणसे मेली नाहीत. युद्धखर्चाने भाव चढले आणि रोकड मजुरीवर जगणाऱ्या भूमिहीनाला ते धान्य विकत घेता आले नाही, म्हणून मेली. बटाईने पिकाचा वाटा घेणारा कूळ त्यामानाने तगला. कलकत्त्यात युद्धाच्या उद्योगांत काम करणाऱ्यांना सवलतीचे धान्य मिळाले आणि खेड्यातला मजूर त्याच शहराच्या फुटपाथवर येऊन मेला. त्या वर्षीही आकड्यांच्या तक्त्यात रोजगार वाढलेलाच दिसतो! म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगत असे, की रोजगाराचा आकडा वाचताना शेजारी ज्वारीचा भाव लिहून ठेवा.

कायद्याची पाचर

मग १९४१ ते १९४६ या काळात १९१७-२१ चीच पुनरावृत्ती झाली का? पूर्णपणे नाही. ती का नाही, हा या लेखाचा खरा मुद्दा आहे.

१ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. त्याच वर्षी बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले होते, आणि जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. फॅसिझमचा पराभव झाला पाहिजे ही त्यांची भूमिका होतीच. पण सरकारला माणसांची गरज आहे तोवर आपल्या माणसांसाठी कायमचे काय मिळवून ठेवायचे, याचाही हिशेब त्यात होता, असे मला वाटते. ऑक्टोबर १९४२ मध्ये अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन त्यांनी व्हाइसरॉयला दिले. ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या. १९४६ साली ते प्रमाण १२.५ टक्के झाले. सरकार, मालक आणि कामगार यांना एकत्र बसविणारी त्रिपक्षीय परिषद १९४२ मध्ये सुरू झाली. १९४६ च्या एप्रिलमध्ये किमान वेतनाचे विधेयक मांडले गेले. १९४८ साली त्याचा कायदा झाला आणि त्याच्या परिशिष्टात शेतीचा समावेश होता. ज्या शेतमजुराला महागाई भत्ता नव्हता त्याचे नाव प्रथमच वेतनाच्या कायद्यात आले. अंमलबजावणीत जमीनदारांनी आणि नोकरशाहीने त्याचे काय केले, हा वेगळा आणि कडू इतिहास आहे.

सेवायोजन कार्यालयांचेही तसेच. १९४५ साली पुनर्वसन व सेवायोजनाचे स्वतंत्र संचालनालय निघाले ते सैन्यातून मोकळे होणारे शिपाई आणि युद्धउद्योगातून कमी होणारे कामगार यांच्यासाठी. १९४८ मध्ये ही कार्यालये सर्व बेकारांना खुली झाली. माझ्या पिढीतल्या दलित तरुणांना ‘एम्प्लॉयमेंटचे कार्ड’ काय होते हे सांगायला नको. माझ्याही नावाचे असे कार्ड होते. नोकरी ओळखीने, जातीने, पाहुण्यांच्या चिठ्ठीने मिळते, हा येथला रिवाज. त्यात निदान एक रांग अशी निघाली, की जिथे नाव नोंदवायला कोणाची चिठ्ठी लागत नव्हती.

परंतु या काळाचे चित्र एकरंगी करू नये. कोळशाची टंचाई झाली म्हणून १९४३ साली स्त्रियांना खाणीत भूगर्भात काम करण्यावरची बंदी उठविण्यात आली आणि तीही बाबासाहेबांच्याच खात्यामार्फत. ही आणीबाणीची तात्पुरती तरतूद आहे, अशी त्यांनी कायदेमंडळात बाजू मांडली आणि स्त्री-पुरुषांना समान मजुरीचा आग्रह धरला. १९४६ च्या फेब्रुवारीत बंदी पुन्हा लागू झाली. युद्ध चांगल्या मंत्र्यालाही कोणत्या पेचात धरते हे यातून दिसते. शिवाय कायद्याचा आधार नसलेले दान कसे परत घेतले जाते, हेही याच युद्धात दिसले. १९४३ साली उभी राहिलेली चांभार रेजिमेंट १९४६ मध्ये मोडण्यात आली. महार रेजिमेंट राहिली. दोघींनीही एकाच युद्धात सेवा दिली होती. म्हणजे शौर्याचा दाखला टिकण्याला पुरेसा नसतो. टिकवण्याचा निर्णय इतरांच्या हाती राहतो. कारखान्यांतली कामगारसंख्याही १९४७ पर्यंत सुमारे २२.७ लाखांवर उतरली.

असाच अनुभव अमेरिकेतल्या काळ्या बांधवांचा आहे. ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला तेव्हा जून १९४१ मध्ये रूझवेल्ट यांनी युद्धउद्योगातील वंशभेदाला मनाई करणारा हुकूम काढला. त्यासाठी नेमलेली समिती युद्ध संपताच १९४६ मध्ये गुंडाळली गेली. परतलेल्या सैनिकांना शिक्षण आणि घरकर्ज देणारा १९४४ चा कायदा भाषेने सर्वांसाठी होता, पण तो राबविणाऱ्या स्थानिक बँका आणि कचेऱ्या गोऱ्यांच्या होत्या. गोरा सैनिक त्या कायद्यावर घरमालक झाला, काळा सैनिक बहुतांशी भाडेकरूच राहिला. देश सावरला, आणि सावरताना दरी अधिक रुंद करून सावरला.

जे टिकले त्याचा हिशेब

आपल्याकडे काय टिकले? देहूरोडचे उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे लष्करी डेपो उभे राहिले, कामासाठी दलित कामगार आले, स्थायिक झाले. आणि २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते तेथे बुद्धमूर्तीची स्थापना झाली. कायम नोकरी असलेली वस्ती गावच्या पाटलाला भीत नाही, हे त्यामागचे साधे अर्थकारण आहे. नाशिकजवळ ओझरला १९६४ साली मिग विमानांचा कारखाना आला तोही १९६२ च्या चीन युद्धानंतरच्या संरक्षणखर्चातून. अशा सार्वजनिक कारखान्यांत आपल्या मुलांना जो शिरकाव झाला तो आयटीआयचे प्रशिक्षण आणि राखीव जागा या दोन शिड्यांनी. युद्धाने कारखाना आणला. शिडी मात्र आधीच्या लढ्याने लावून ठेवलेली होती.

जिथे ती शिडी नव्हती तिथे काय राहिले, हे नाशिक जिल्ह्याच्याच दादासाहेब गायकवाडांनी सांगितले. १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो पडीक जमिनीसाठी. दोन महायुद्धे होऊन गेली, देश स्वतंत्र झाला, योजना आल्या, आणि ज्याच्या बापजाद्यांनी साम्राज्याच्या लढाया लढल्या तो अजून एकरभर पडीक जमीन मागत तुरुंगात जात होता. पुनर्रचनेचे मोजमाप करायचे तर मी हे माप वापरीन.

हा हिशेब जुना झालेला नाही. जून २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेत तरुणाला चार वर्षांसाठी घेतात, जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे ठेवतात, बाकीच्यांना एकरकमी निधी देऊन परत पाठवितात. त्यांना निवृत्तिवेतन नाही. ज्याच्या घरी शेती किंवा दुकान आहे त्याला चार वर्षांनंतर परतण्याची जागा असते. ज्याच्या घरी ती नाही, त्याच्यासाठी १९२१ सालचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. २०२३ च्या ऑक्टोबरनंतर इस्रायलने पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने बंद केले आणि २०२४ मध्ये त्यांच्या जागी हरियाणा, उत्तर प्रदेशातले बांधकाम मजूर भरती होऊन गेले. एका भूमिहीनाची जागा दुसऱ्या देशाच्या भूमिहीनाने भरायची, असा हा युद्धाचा श्रमबाजार आहे.

तेव्हा युद्धाने रोजगार वाढतो, असे कोणी सांगितले तर आपण तीन गोष्टी मागाव्यात. नोकरी किती वर्षांची आणि तिच्यामागे निवृत्तिवेतन आहे काय, हे कागदावर. मजुरी धान्याच्या भावाशी बांधलेली आहे काय, हे कागदावर. आणि युद्ध संपल्यावर कपात कोणापासून सुरू होणार, हेही कागदावर. गरज असते तेव्हा सरकार ऐकते. त्या काळात जे लिहून घेतले तेच पुढे आपल्याजवळ राहिले. जे नुसते बोलण्यावर सोडले ते पलटणीबरोबर मोडीत निघाले.